गोदामातला भुसा

माझ्या बहिणीचा मुलगा विश्वनाथ हल्ली वरणभात खातानाही काळा चष्मा काढत नाही. वरणात मिरची आहे की झुरळ, त्याला काय दिसणार! जेवून उठला की हात धुवायचं नाव नाही, रुमालाला पुसतो. काही बोललं की म्हणतो, "मावशी, मी आता डिस्क जॉकी आहो."

नागपूरच्या लकडगंजात आमचं लाकडाचं गोदाम आहे. यजमान गेल्यापासून अर्धं रिकामंच. डिस्कोचं वारं आलं तेव्हा गल्लीतल्या पोरापोरींनी शनिवारच्या संध्याकाळी नाचायला ती जागा मागितली. मी म्हटलं, नाचा, पण दारं उघडी ठेवून. चावी विश्वनाथकडे दिली. रेकॉर्ड प्लेयर त्याचाच. त्याची फी म्हणजे माझ्या हातचे, वर झणझणीत रस्सा ओतलेले तर्रीपोहे.

पाय सरकावे म्हणून पोरं फरशीवर लाकूड कापायच्या आरामशीनचा भुसा पसरायची. शिंप्याची गोपिका गिरकी घ्यायला लागली की विश्वनाथची नजर तिच्या पायांवर. पाय थांबायला तयार नसले, तर हा सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायचा. रविवारी सकाळी मी झाडायला जायची, तर मधली फरशी लख्ख आणि भुसा सगळा भिंतीशी जाऊन बसलेला. पोरं पोटभर नाचली, हे मला तिथंच कळायचं.

मग कोण्या सेठनं त्याला लग्नात बोलावून पैसे दिले. दुसऱ्यानं त्याहून जास्त दिले. पोह्यांवर भागेना. त्याच्या फीसाठी पोरांनी तिकीट लावलं. तिकीट आहे म्हणून रंगीत दिवे लावले, दिव्यांसाठी तिकीट वाढवलं. मग सोफे आले आणि दारं बंद झाली.

गेल्या शनिवारी गोपिका बाहेर पायरीवर बसून ताल धरत होती.

"आत जाय नं वं," मी म्हटलं.

"तिकीट आहे नं काकू. अन् आतमधी कोणी नाचून नाही राहिलं. बसले आहेत सगळे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच विश्वनाथ आला.

"मावशी, गोदाम वर्षभरासाठी माह्या नावानं करून दे. रोजचा प्रोग्राम ठेवतो. बंबईच्या स्पीकरसाठी अॅडव्हान्स देऊन आलो मी."

"मले न इचारता?"

"तू काय नाई म्हणतं का?"

मी त्याला गोदामात नेलं. चष्मा काढायला लावला. भुसा पसरला होता तसाच, पोळपाटावरच्या पिठासारखा. सोफ्यांपुढे तेवढा तुडवलेला, त्यात सिगारेटची थोटकं.

"काल कोण नाचलं गा इथं?"

त्यानं पायानं एक थोटूक बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "आता लोकं नाचाले नाई येत, मावशी. मले पाहाले येतात."

मी हात पुढे केला. त्यानं खिशातून चावी काढून दिली. चेहरा एवढासा झाला होता, अगदी लहानपणीसारखा.

"तुले पाहाले लोकायनं तुह्या घरी जावं, विश्वनाथा. स्पीकरही तिथंच लाव. हे गोदाम तुले नाई मिळत. शनिवारी गोपिका इथं भुसा पसरवेल, प्लेयर कोणाचाही चालेल. तुले यायचं असंल तर ये, पण चष्मा घरी ठेवून ये. पोहे करते मी. तर्री जास्त वाढीन."