मेबल दाब्रेराचा राजा

वयाच्या सोळाव्या वर्षी मेबल दाब्रेरा मरदाना नावाच्या पेठेतल्या नाटकगृहात पहिल्यांदा गायली आणि पुढची सव्वीस वर्षं कंपनीची नायिका तीच राहिली. मग एका दुपारी तालमीनंतर कंपनीचे मालक कॅरोलिस मुदलाली तिच्यासमोर येऊन बसले. तिला ते आदराने 'नोना', म्हणजे बाईसाहेब, म्हणत.

"नोना, नव्या नाटकात राजकन्येचं काम नवी आलेली प्रेमावती करेल. पोरीला रूप आहे, गळा नाही. तुम्ही पडद्यामागून गा, ती ओठ हलवेल."

मेबलला लागलं, पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "माझा गळा एकटा कुठे जात नाही मुदलाली. जिथे तो, तिथे मी."

"मग राजाची आई करा."

"राजाच करते."

मुदलाली हसत सुटले. पण राजा करणारा नट दुसऱ्या कंपनीत गेला होता आणि महिनाभर शोधूनही गाणारा पुरुष मिळत नव्हता. मेबलला ते चांगलं ठाऊक होतं.

"लोक टिंगल करतील," ते म्हणाले.

"तिकीट काढून करतील ना? करू देत."

राजाच्या चालण्याची ढब तिने थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची उचलली. तो मोरटुवाला स्टेशनमास्तर होता आणि गाडी सुटायला आली तरी फलाटावर कधी घाईने चालत नसे. पेटीवाल्या मास्तरांनी विचारलं, "राजा आजवर काळी एकला गायचा. पट्टी कुठली धरू?"

"चार. राजा बदललाय, मास्तर."

प्रेमावती मात्र रडकुंडीला आली. "अक्का, आता मागून कोण गाणार? माझी फजिती होईल."

"सहा पदांतली चार काढून टाकायला लावू. उरलेली दोन तू गा. रोज सकाळी घरी ये, मी बसवून घेते." मुदलाली कुरकुरले, पण पदं निघाली.

पहिला प्रयोग मातरला, रविवारी दुपारी. मिशी लावून मेबल दरबारात आली आणि मागच्या बाकांवरून आवाज आला, "अक्के, मिशी सांभाळ, वारा सुटलाय."

सगळं थिएटर हसलं. पेटी थांबली. प्रेमावतीचा चेहरा उतरला. मेबल सावकाश पुढे आली, तिने मिशीला पीळ दिला आणि त्या बाकांकडे पाहिलं.

"सेनापती, आमच्या राज्यात हा कोण ओरडतोय?"

सेनापती गडबडला. "महाराज, मासेविक्या दिसतो."

"मग ओरडू द्या. धंद्याची सवय आहे बिचाऱ्याला."

आता हसणं तिच्या बाजूचं झालं. ते ओसरायच्या आत तिने मास्तरांना मान हलवून खूण केली आणि षड्ज लावला. सव्वीस वर्षं नाजूक नायिकांच्या मापात कोंबलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उघडला. तिला स्वतःलाच नवल वाटलं. पद संपलं तेव्हा पहिला वन्समोर मागच्या बाकांवरूनच आला.

तिसऱ्या अंकात प्रेमावती थरथरत गायली, एका जागी सूर निसटलाही. पण आवाज तिचा होता आणि लोकांनी तो गोड मानून घेतला.

त्यानंतर अकरा वर्षं मेबलने राजेच केले. गॉलपासून कुरुणेगलपर्यंत बायका तिला "महाराज" म्हणून हाक मारत. मुदलाली नव्या लेखकाला बजावून सांगत, "आधी राजाची पदं लिही. बाकीचं नाटक मग बघू."