आधी भाचीचे

"आधी भाचीचे शेअर. ते सगळे संपले, की मग माझे," मामा फोनवर दलालाला म्हणाले आणि पुन्हा चष्म्याची काडी सरळ करू लागले.

मी तेव्हा सोळा वर्षांची. नको तिथे नाक खुपसायची मला भारी हौस. शाळा सुटली की मामांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं आणि त्यांचं डोकं खायचं, हाच माझा उद्योग.

"आधी माझेच का?"

"तुझ्या बाबांनी तुझ्या पैशांचा विश्वस्त केलंय ना मला, म्हणून."

बाबा पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. तिचे शेअर त्यांनी घेतले आणि मामांनाही घ्यायला लावले. जाण्यापूर्वी मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की कॉलेजला दोन वर्षं उरली की मुलीचे शेअर विकून पैसे बँकेत ठेवायचे. ती वेळ आता आली होती. भाव मात्र चढतच होता.

"आणि तुमचे कशाला विकताय?"

"बारीक काही दिसत नाही गं आता. दुकान बंद करून निवांत बसावं म्हणतो."

चष्मेवाल्यालाच दिसत नाही, म्हणून मी खो खो हसले.

तेवढ्यात आई तणतणत आली. "दादा, अरे चढता भाव सोडून कोण विकतं? थोडा थांब की!"

"चढेलही अजून. पण तिचं कॉलेज थांबणार आहे का?"

आई फणकाऱ्याने निघून गेली. दादाला व्यवहार कळत नाही, हे तिचं ठाम मत. खरं सांगायचं तर माझंही.

कंपनी लहान, त्यामुळे शेअर घेणारेही मोजकेच. रोज थोडे थोडे खपत. दलाल वैतागला. "अहो, दोघांचे निम्मे निम्मे काढू. तुमचेही सुटतील."

"नाही. आधी तिचे."

माझे सगळे विकले गेले आणि त्याच आठवड्यात कंपनीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तुटलं. भाव असा गडगडला, की शेअर घ्यायला कुणी फिरकेना.

"दादा, काय वेळ साधलीस रे!" आई म्हणाली. नात्यात मामांची वाहवा झाली. मला मात्र चैन पडेना. आई गेल्यावर मी विचारलंच, "मामा, तुमचे?"

"आहेत की. कुठे पळतायत?"

"निम्मे निम्मे काढले असते तर..."

"तर तुझेही निम्मे अडकले असते." ते हळू आवाजात म्हणाले, "आईला बोलू नकोस हं. उगाच जिवाला लावून घेईल."

मला रडू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदाच मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर शिडी लागलेली दिसली. पाटीचा रंग उडाला होता, म्हणून मामांनी पेंटरला बोलावलं होतं.

"काका, साधा रंग लावू की भारीतला?" त्याने वरून विचारलं.

"भारीतला लाव," मामा म्हणाले. "बरीच वर्षं टिकायला हवा."