मैनाबाईची जपानी तबकडी

मित्रांनो, मी गाण्याची एक जुनी जपानी तबकडी आहे. माझा सध्याचा पत्ता : पनवेलची खाडी, बंदराच्या अलीकडे, चिखलात अर्धी रुतलेली. पत्रव्यवहार करू नये. माझ्या मधल्या भोकात एक लहान खेकडा राहतो. स्वभावाने बरा आहे, पण त्याला गाण्यातले काही कळत नाही.

माझा जन्म लढाईच्या आधी जपानात झाला. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचा तापता गोळा दाबून मला चपटे केले गेले. माझ्या एका अंगावर दुःखाचे गाणे होते आणि दुसऱ्या अंगावर आनंदाचे. दुःखाच्या गाण्यात शहरात राहणारा मुलगा गावाकडच्या आईला सांगतो, की यंदाही येणे जमत नाही. दारच्या झाडाची फळे उतरवू नकोस, पाखरांना खाऊ दे. तिसऱ्या कडव्यात 'आई' म्हणताना त्याचा आवाज चिरतो. तो चिरला, कारण त्या दिवशी गवयाला सर्दी झाली होती. पुढे याच सर्दीने पनवेलमध्ये भल्याभल्या माणसांना रडवले.

एका जपानी शिपायाच्या पेटीतून मी सिंगापूरला गेले. लढाई संपली, शिपाई हरला आणि मला गोदीत टाकून निघून गेला. तिथे मला दयाराम कोळ्याने उचलले. तो पनवेलच्या कोळीवाड्यातला. मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि लढाईत तिकडेच अडकला होता. मला वाटले, अखेर एक रसिक भेटला. पण दयारामकडे ताटली नव्हती. त्याने माझ्यावर भात वाढून घेतला.

गरम भाताने मी वाकडी झाले असते. सुदैवाने तिथे गरम भात कधीच मिळत नसे. मूठभर गार भात तो माझ्या दुःखाच्या अंगावर घेई आणि शेवटचे शीत नखाने खरवडून खाई. त्या खरवडण्याने माझ्यावर एक आडवा ओरखडा उठला. दोन महिन्यांनी दयाराम तापाने गेला. त्याने मला एकदाही ऐकले नाही.

त्याचा सोबती कमळाकर त्याच्याच वाड्यातला. सेहेचाळीस साली तो घरी परतला तेव्हा सांगायची बातमी त्याने बोटीवर रोज घोकली होती. पण दारात दयारामची बायको मैना उभी राहिली आणि तिच्या मागे सासू गुणाबाई.

"दया कवा येनार?" गुणाबाईने विचारले.

कमळाकरने तोंड उघडले, मिटले आणि ट्रंकेतून मला काढून पुढे धरले. "दयानं... ही दिली."

बस्स, एवढेच. मित्रांनो, माणसे खोटे बोलतात ते बहुधा असे, निम्मे वाक्य बोलून.

"वस्तू धाडतो तो जिता हाय!" गुणाबाईने निकाल दिला. मैनाच्या डोळ्यांत पाणी आलेले दिसताच तिने दरडावले, "खबरदार रडशील तर! जित्या मानसासाठी रडलं तर त्याचं आयुष्य सरतं. माझ्या घरात टिपूस गाळायचं नाय."

त्या दिवसापासून मैनाला घरी रडायची बंदी झाली. खाडीवर गेली तर शेजारणी सासूला जाऊन सांगत. चुलीच्या धुराचे निमित्त पहिल्या आठवड्यातच उघडे पडले, कारण गुणाबाई स्वतः फुंकणी घेऊन चुलीपाशी बसू लागली.

मैना बाजाराच्या दिवशी सुकी मासळी घेऊन पनवेल गावात जाई. तिथे दिनानाथच्या हॉटेलात फोनो होता. एकदा तिने मला पाटीत बोंबलांच्या खाली घालून नेले आणि दिनानाथपुढे धरले.

"शेट, हिच्यात काय हाय ते ऐकवा."

दिनानाथने आधी मला हुंगले. मग पुसले आणि लावले. सुई फिरू लागली. गवई गाऊ लागला. दयारामच्या ओरखड्यावर दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज होई. तिसऱ्या कडव्यात सर्दी आली आणि घाटावर निघालेला एक धिप्पाड ट्रकवाला भजी हातात धरून रडू लागला.

"काय म्हणतोय हो तो?" त्याने नाक पुसत विचारले.

"रडतोय," दिनानाथ म्हणाला.

"का?"

"जपान हरलं ना!"

हे सर्वांना पटले. सगळे हॉटेल रडत होते. त्या गर्दीत मैना भिंतीकडे तोंड करून, पदर डोळ्यांना लावून, पोटभर रडली. गाण्यावर रडायला बंदी कुठे होती? गाण्यावर तर सारेच रडतात. तीन मिनिटांनी तिने तोंड धुतले, पाटी उचलली आणि ओरडली, "बोंबील घ्या, सुके बोंबील!"

मग हा नेमच झाला. दर बाजाराला तीन मिनिटे. मैना रडली की दिनानाथ न विचारता तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवी. मी त्याच्याच फळीवर राहू लागले. लोक मला 'रडकी' म्हणत. शाळेतले एक मास्तर तर सांगत, की हे बुद्धाचे भजन आहे. मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. लोखंडी सुई माझ्या अंगावरून चालली, की ती थोडे गाणे खरवडून नेई. मैना रडे तेवढी मी झिजे.

दिनानाथ एकच सुई महिनोन्‌महिने वापरी. "चालतेय की!" असे त्याचे मत होते. पाच वर्षांनी गाण्यातली फळे गेली. आठ वर्षांनी पाखरे गेली. एके दिवशी सर्दीही गेली. उरली ती नुसती खरखर आणि दयारामचे 'टक्'. ट्रकवाले रडेनासे झाले. सगळ्या हॉटेलात मैना एकटी रडताना दिसू लागली आणि लोक वळून बघू लागले.

"मैनाबाई, ही बाजू संपली," दिनानाथ म्हणाला. "उलटी लावून बघू?"

त्याने मला उलटे केले. माझ्या आनंदाच्या अंगाला अकरा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. ते अगदी ठणठणीत होते. ढोल, शिट्ट्या आणि हसणारा गवई! गिऱ्हाइकांचे पाय हलू लागले. कोणीतरी ताल धरून बशी वाजवली. मैनाने पदर डोळ्यांना लावला आणि मनापासून प्रयत्न केला. पहिले कडवे, दुसरे कडवे. मग तिने पदर खाली घेतला. डोळे कोरडे होते. असे आनंदी गाणे मी पुन्हा कोणाला ऐकवू नये, असे मला वाटले.

कमळाकर त्या दिवशी दारापाशी चहा पीत होता. अकरा वर्षे तो ते रडके गाणे लागले की बाहेर जाऊन उभा राही. आज तो आत आला.

"वैनी, पुरं करा आता. त्या बाजूवर जी टकटक व्हती ना, ती दयाची हाय. तो हिच्यावर भात खायचा. नखानं शितं काढायचा." कमळाकरने चहाची बशी खाली ठेवली. "दया तिकडंच गेला, वैनी. तापानं. मीच माती दिली. मला सांगवलं नाय."

गाणे चालूच होते, शिट्ट्यांसकट. ते बंद करायचे कोणाला सुचले नाही.

मैनाने एकच विचारले, "पोटभर खायचा?"

कमळाकरने मान हलवली. "नाय."

देह नसला, की दर्भाचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. गुणाबाईने खाडीकाठी तो विधी करविला. तिची पाठ त्या आठवड्यात वाकली, ती पुन्हा सरळ झाली नाही. मेलेल्याची वस्तू मागे ठेवीत नाहीत. दयारामची वस्तू म्हणजे मीच. कमळाकरने मला हॉटेलातून आणून राखेबरोबर ओहोटीच्या पाण्यात सोडले. मी तरंगत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

काठावर गुणाबाईने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "मैने, रड गं बाय आता. मोकळी हायस. मी काय बोलनार नाय."

सगळा कोळीवाडा तिच्या रडण्याची वाट बघत उभा राहिला. मैना बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने इकडेतिकडे बघितले.

"गानं कुटं हाय?" तिने विचारले.

तोवर माझ्यावर पहिला चिखल बसला होता.

ती आजही बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन काठाने जाते. ओहोटीला माझी कड बाहेर दिसते, पण ती इकडे बघत नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी तबकडी असेल तर सुई वेळेवर बदला. चिखलातले निवट्या मासे पकडताना मी कोणाला सापडले, तर धुऊन ठेवा. माझी आनंदाची बाजू अजून ठणठणीत आहे. ती लावायचा मोह होईल. लावण्याआधी फक्त एवढे बघा, की भिंतीकडे तोंड करून कोणी बसलेले नाही ना.