बंद खोलीतला बंब

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिले नसेल. मी पाणी तापवण्याचा बंब आहे, तांब्याचा, आता जुना झालेला. माझ्या पोटातून एक उभी नळी जाते. तिच्यात विस्तव असतो आणि तिच्याभोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख, पुढे पितळी तोटी. माझी रचना एवढीच आहे. ती नीट समजून घ्या, कारण पुढे जे घडले ते तिच्यातूनच घडले.

पुण्याच्या तांबट आळीत एका कारागिराने मला घडवले. त्याच्या हातोडीचे गोल ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. वेल्ह्याच्या चिमाजींनी मुलीच्या लग्नात आंदण द्यायला मला विकत घेतले आणि एसटीच्या टपावर बांधून घरी नेले. त्यांची मुलगी पारूबाई वरवे बुद्रुकला सासरी आली, तेव्हा तिच्याबरोबर मीही आलो.

तिथे परसात, न्हाणीच्या दाराशी माझी जागा होती. पहाटे पारूबाई काटक्या आणि गोवरीचा तुकडा घालून मला पेटवायची. धूर वर आभाळात जायचा. घरातले सगळे माझ्या पाण्याने अंघोळ करून कामाला लागत. पारूबाईचा मुलगा संजय जन्मला तेव्हा त्याच्या पहिल्या न्हाणाचे पाणी मीच तापवले. सणाच्या आधी ती मला चिंच आणि मीठ लावून घासायची. मग मी असा चकाकायचो की पाव्हणे हात लावून बघत.

पुढे संजय मोठा झाला, कारखान्यात लागला आणि त्याने छपरावर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारी टाकी बसवली. मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या, अंगावर हिरवट डाग चढले. याची मी तक्रार करत नाही. वस्तूंचे असेच होते.

मला गोठ्यातून बाहेर काढले ते सारिकाने. ती शेजारच्या घरातली मुलगी. पुण्यात योग शिकून ती गावी परतली आणि रस्त्याकडेच्या एका गाळ्यात तिने वर्ग सुरू केला. तो नेहमीचा योगवर्ग नव्हता. विजेच्या हीटरने खोली तापवायची, त्या उष्णतेत आसने करायची, आणि शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून आडवे व्हायचे. मग सारिका काशाच्या मोठ्या वाट्यांच्या काठावरून लाकडी दांडी फिरवायची. त्यातून निघणारा नाद लांबत जायचा आणि ऐकणाऱ्याचे अंग सैल पडायचे.

गाव आधी हसले. पारूबाई तर सारिकाच्या तोंडावर म्हणाली, "घामच काढायचा तर माझ्यासंगं भात काढाया चल की."

सारिका म्हणाली, "काकू, भात काढूनच तुमचे गुडघे गेले, म्हणून तर बोलावतेय."

पारूबाई गेली नाही, पण तिची सून मंगल गेली. मंगल कपडे शिवायच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून मशीन चालवायची. तिची मान दगडासारखी झाली होती. त्या वर्गात ती हळूहळू मोकळी झाली, रात्री तिला झोप लागू लागली. हे खरे आहे आणि ते सांगायला हवे. मग सुनेच्या सोबतीने पारूबाईही जाऊ लागली. आसने ती करत नसे. दाराजवळ खुर्ची टाकून बसायची आणि टोमणे मारायची. मंगल आडवी पडल्या पडल्या उत्तर द्यायची. सासूने एक म्हणावे आणि सुनेने ते परतवावे, हा त्यांचा रोजचा खेळ होता. त्यात भांडण नसे. मंगल गप्प बसली असे घरात कधी झालेच नव्हते.

त्या हिवाळ्यात गावची डीपी जळाली. वीज गेली, हीटर बंद पडले. बायका नुकत्याच कुठे रुळल्या होत्या. वर्ग थांबला तर परत येणार नाहीत, अशी सारिकाला भीती वाटली. तिला मी आठवलो. तिने पारूबाईकडून मला मागून नेले, घासूनपुसून लख्ख केले आणि खोलीच्या मधोमध ठेवले. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मला बरे वाटले.

पहिल्या दिवशी तिने लाकडे पेटवली. धूर झाला, सगळ्या खोकत बाहेर पळाल्या. धुराचा हा एक गुण आहे, तो माणसाला हाकलून देतो. दुसऱ्या दिवशी सारिकाने युक्ती केली. तिने इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला, बाहेर अंगणात फुलवला आणि लाल झालेले निखारे तेवढे माझ्या नळीत भरले. धूर अजिबात नव्हता. ऊब राहावी म्हणून तिने झरोक्यांत जुन्या गोधड्या कोंबल्या आणि दाराच्या फटीला सतरंजी लावली. तिने हे निष्काळजीपणे केले नाही. प्रत्येक गोष्ट विचार करून केली होती. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, एवढेच तिने धरून चालले होते.

मित्रांनो, माझा विस्तव आजवर उघड्या आभाळाखाली जळत आला होता. बंद खोलीत तो पहिल्यांदाच जळत होता.

आसने चालू असतानाच मंगल म्हणाली की डोके जड झाले आहे. सारिकाने तिला समजावले, की शरीरातले नको ते बाहेर पडते तेव्हा असे होते, थोडे सोसायचे. थोड्या वेळाने मंगल पुन्हा तेच म्हणाली. सारिकाने तिला आडवे व्हायला सांगितले आणि वाट्या वाजवायला घेतल्या. तो नाद माझ्यापर्यंत आला. माझ्या पोटातल्या पाण्यावर बारीक थरथर उठली.

पारूबाई कंटाळली. झोपायचेच असेल तर घरी खाट आहे, असे पुटपुटत ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली. आत सगळ्या शांत झाल्या. कोणी कूस बदलत नव्हते, कोणी खाकरत नव्हते. सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसत होते. सारिका समाधानाने बघत होती. एवढी शांतता तिच्या वर्गात कधी झाली नव्हती. तिच्या हातातली दांडी हळू होत गेली, मग गळून पडली. ती उचलायला तिने हात पुढे केला नाही.

मला बोलता येत नाही.

बाहेर मंगलला कामावर न्यायला कारखान्याची गाडी आली. चालक गोरखने भोंगा वाजवला. पारूबाईने दार ढकलून आत डोकावले. "मंगल, ऊठ गं, गाडी आली. का हितंच माहेरपण करतीयास?"

उत्तर आले नाही.

पारूबाई थांबली. तिने पुन्हा म्हटले, या वेळी हळू आवाजात, "मंगल."

त्या गप्प बसण्याला ती घाबरली. आत काय बिघडले आहे हे तिला ठाऊक नव्हते. एवढेच ठाऊक होते, की आपली सून उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. तिने सतरंजी बाजूला फेकली, दार सताड उघडले, मंगलच्या काखेत हात घातले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर तिला ओढत उंबऱ्याबाहेर आणले. तिच्या हाकेने गोरख धावला. त्याने एकेकीला उचलून ओट्यावर आणले. काही जणी वाऱ्याने हलल्या, ओकल्या, रडू लागल्या. सारिका भिंतीला धरून स्वतः बाहेर आली. मंगल मात्र हलली नाही. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले.

तिकडचे मी नंतर, परत गोठ्यात आल्यावर ऐकले. मंगलला पुष्कळ वेळ ऑक्सिजन लावला होता. पारूबाई भिंतीशी बसून होती. मंगलने डोळे उघडले आणि विचारले, "आत्या, गाडी गेली का?" तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेली पारूबाई तेव्हा रडली.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही, की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात जिथे ऑक्सिजन बसायचा तिथे तो बसतो, आणि माणूस गुदमरल्याचे न कळता झोपी जातो. गावात मात्र कोणी म्हणाले वाट्यांची करणी होती, कोणी म्हणाले बंबच वाईट, मोडीत घाला.

सारिका काही दिवस घराबाहेर पडली नाही. मग एका दुपारी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. पारूबाई तांदूळ निवडत होती.

"तू काय जाणूनबुजून केलंस व्हय?" पारूबाई म्हणाली. "पर त्या पोरीनं दोनदा सांगितलं डोकं जड झालंय म्हणून. ते तू ऐकलं न्हाईस. मीबी तितंच बसले हुते. म्याबी न्हाई ऐकलं."

सारिका म्हणाली, "काकू, मला वाटलं, सोसलं की बरं वाटतं."

"सगळंच सोसायचं नसतं, बाय."

सारिका पुन्हा वर्ग घेते. गाळ्याच्या भिंतीत तिने दोन मोठ्या खिडक्या पाडल्या आहेत. वीज नसेल त्या दिवशी आसने थंडीतच होतात. मंगल अजून गेलेली नाही. तिचे डोके अधूनमधून दुखते. पुढे जाईल की नाही, मला माहीत नाही.

मला कोणी मोडीत घातले नाही. ढगाळ दिवसांत छपरावरचे पाणी तापत नाही, तेव्हा पारूबाई मला उघड्या अंगणात पेटवते.

मित्रांनो, मी सगळा जन्म विस्तव पोटात वागवला आहे, म्हणून सांगतो. विस्तवालाही श्वास लागतो. बंद खोलीत तो तुमच्या वाट्याचा श्वास घेतो आणि तुम्हाला ते कळत नाही. शेगडी असो, चूल असो, माझ्यासारखा एखादा बंब असो, त्याला मोकळ्या हवेत ठेवा. आणि तुमच्याजवळचे कोणी म्हणाले की डोके जड झाले आहे, तर त्याला धीर धरायला सांगू नका. आधी उठून दार उघडा. का दुखते, ते मग बाहेर जाऊन विचारा.