एक्केचाळीसचं ॲव्हरेज

देवेशने हायब्रिड गाडी घेतली तेव्हापासून त्याच्या बोलण्यात पेट्रोलशिवाय विषय उरला नव्हता. रसायनीच्या कारखान्यात डबा उघडताना ॲव्हरेज, कर्जतच्या घरी चहा पिताना ॲव्हरेज. गाडी मात्र आठवडाभर त्याची बायको हर्षला चालवायची. ती फिजिओथेरपिस्ट; सकाळी कर्जतचं क्लिनिक, दुपारी खोपोलीचं. कारखान्याची बस असल्यामुळे देवेशला गाडी मिळायची ती रविवारीच.

"तू बाजारातून नेतेस म्हणून गाडीचा जीव जातो," तो एकदा म्हणाला. "हायवेला बघ, कशी पळेल! कुठल्याही गाडीला हायवेलाच जास्त ॲव्हरेज मिळतं."

"असं?" हर्षला म्हणाली. "मग लावायची पैज? हायवे तुमचा, बाजार माझा. हरेल त्याने कडावच्या शेतावर पोपटी लावायची, शेंगा-चिकनचं मडकं जाळात भाजायचं. खड्डा खणण्यापासून भांबुर्डीचा पाला गोळा करण्यापर्यंत सगळं एकट्याने."

देवेशला तिची दयाच आली. "अगं, सोपा रस्ता तू घे हवं तर."

"नको, तुम्हीच घ्या."

देवेशची आई अनसूयाबाई वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून फारच गरीब चेहरा करून उभी होती.

आठवड्याभरात हर्षलाने कर्जतचा बाजार, फाटकावरची रांग, खोपोलीतल्या रिक्षा असं सगळं पार पाडलं. शनिवारी डॅशबोर्डवरचा आकडा होता पंचवीस. देवेश जरा चपापला. पण हायवे बाकी होता.

रविवारी तो पुण्याला जाऊन यायला निघाला. साक्षीदार म्हणून आईला बरोबर घेतलं. ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि एसी बंद केला. हवेचा अडथळा नको म्हणून काचाही बंद. पण वेग शंभरच्या खाली आणणं त्याला अपमानाचं वाटत होतं.

"देवेश, गाडी घेतलीस का चूल रं?" अनसूयाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या.

घाट चढून लोणावळ्याला पोचेपर्यंत आकडा पंधरावर आला. पुणं करून परत लोणावळ्याला आला तेव्हा सतरा. देवेशने गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायला आणि एक बटण दाबून धरलं. आकडे पुसले गेले.

"काय दाबलंस रं?"

"रेडिओ."

"लागला नाय तो."

"घाटात लागत नाही, आई."

पुढे सगळा उतारच होता. घाटभर इंजिन जवळजवळ झोपलेलंच. खोपोलीत आकडा नव्याण्णव होता. कर्जतला घरी आले तेव्हा एक्केचाळीस.

"एक्केचाळीस!" त्याने दारातूनच हाक मारली. हर्षला बाहेर आली आणि डॅशबोर्डकडे वाकून बघत राहिली.

"वा!" ती म्हणाली. "हरले मी. पेट्रोल किती उरलंय?"

"दोन काड्या."

"मग परवा तुमच्या ताईंकडे हळदीकुंकवाला पुण्याला जायचंय, ते एवढ्यातच होईल. जाऊन येऊन. एक्केचाळीस म्हणजे काय थट्टा आहे?"

देवेशने त्या दोन काड्यांकडे पुन्हा पाहिलं. "तरी थोडं घातलेलं बरं."

"छे! गाडीचा अपमान होईल."

मंगळवारी त्याने सुट्टी टाकली. दोघी काठपदराच्या साड्या नेसून मागे बसल्या. त्याआधी सकाळी तो "हवा तपासून येतो" म्हणाला होता, तर हर्षलाही बरोबर निघाली. मग हवा तपासायची राहिली. हायवेला लागल्यावर थोड्याच वेळात पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. देवेश ट्रकच्या मागे सत्तरच्या वेगाने, श्वाससुद्धा जपून घेत चालला होता.

घाटाआधीच्या फूड मॉलला त्याने गाडी वळवली. "वडापाव खाऊ या. तुम्ही इथे उतरून बसा, मी घेऊन येतो."

दोघी उतरल्या. देवेशने गाडी सुरू केली.

"अहो, वडे आणायला गाडी कशाला? ते काय समोर!"

"तिकडे पलीकडे जास्त चांगले मिळतात."

"पलीकडे पेट्रोल पंप हाय," अनसूयाबाई म्हणाल्या.

देवेशने गाडी हलवलीच नाही. वर घाट दिसत होता आणि पिवळा दिवा त्याच्याकडे डोळा लावून बसला होता. शेवटी तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "लोणावळ्याला बटण दाबलं मी. सतरा होतं."

"मला म्हनला रेडिओ!" अनसूयाबाईंनी कपाळाला हात लावला.

हर्षलाला हसू आवरेना. "मला दारातच कळलं होतं. आकडा तेवढा बघितलात, किलोमीटर नाही बघितले. पुण्याला जाऊन आलेल्या गाडीवर चाळीसच किलोमीटर?"

"मग तेव्हाच बोलायचंस!"

"मग आजची मजा गेली असती."

देवेशलाही हसावं लागलं. पंपावर टाकी भरताना त्याने हळूच विचारलं, "पण बाजारात जास्त कसं मिळतं गं?"

"तिथे सारखा ब्रेक लागतो, की बॅटरी भरते. मग रांगेत ती बॅटरीवरच सरकते, इंजिन बंद. तुम्ही हायवेला शंभरने पळवता, ब्रेक नाही, काही नाही. सगळं ओझं इंजिनावर. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं होतं."

"आणि तरी पैज लावलीस?"

"म्हणून तर लावली."

"आई, तू तरी सांगायचंस, बटण दाबलेलं पाहिलंस ना?"

"मी कशाला सांगू रं? पोपटी कुनी का लावंना, खानार मी."

पोपटी पुढच्या रविवारी कडावला लागली. देवेशने खड्डा खणला, पाला आणला, मडक्यात शेंगा, अंडी, ओवा-मिठाचं चिकन भरलं, पेंढा पेटवला. पहिलं मडकं त्याने इतक्या लवकर उघडलं की शेंगा कच्च्याच निघाल्या. दुसरं नीट उतरलं. अनसूयाबाईंनी गरम शेंग फोडली, वालाचा दाणा तोंडात टाकला आणि मुलाकडे बघून मान डोलावली. देवेश धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी खूश झाला.

महिनाभराने मानदुखीसाठी एक बाई हर्षलाकडे आल्या. नवरा देवेशच्याच कारखान्यातला. मान शेकून घेताना त्या म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी आमच्या ह्यांना वेड लावलंय हो. रोज सांगतात, हायब्रिड म्हणे बाजारातूनच चालवावी, हायवेला काही खरं नाही. मी स्वतः शोध लावला, म्हणाले."

"हो का?" हर्षला म्हणाली आणि त्यांची मान दुसऱ्या बाजूला वळवली, म्हणजे तिचा चेहरा त्यांना दिसायला नको.