पुढची सीट

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीला टँडम म्हणतात, हे मला सायकलवाल्याने सांगितलं. मी तिला जोडसायकल म्हणत होते आणि पुढेही तेच म्हणणार आहे. त्याचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानापासून चार दुकानं सोडून. छताला चाकं टांगलेली, आणि उतरतं ऊन आत आलं की त्यांच्या तारांच्या सावल्या जमिनीवर हळूहळू फिरायच्या. पहिल्यांदा गेले तेव्हा कशाला आले तेच विसरून मी त्या सावल्यांत उभी राहिले.

"ताई, पंक्चर का?" त्याने विचारलं.

"मला सायकलच नाही, पंक्चर कुठली? नवरा आहे. त्याला घराबाहेर काढायचंय."

आमच्या यांनी एकवीस वर्षं बस चालवली. मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसतंय, कडेचं गेलंय, ते परत यायचं नाही. सुरनळीतून बघावं तसं. डेपोने त्यांना पास देण्याच्या खिडकीवर बसवलं. तिथून उठून ते घरी यायचे आणि घरातल्या खिडकीशी बसायचे. मी समजावलं, भांडले, दोनदा भांडीही आपटली. फिरायला चला म्हटलं की, "तुम्ही मायलेकी या जाऊन." कोणाच्या गाडीत बसायचं तर नावच नको. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा आणि मग दिवसभर घुम्यासारखे बसायचे. हा माणूस असाच खिडकीत विरून जाणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून जोडसायकल. पुढे मी, मागे हे, आणि त्यांच्या मागे छोट्या सीटवर आमची सात वर्षांची लेक, जिला आम्ही खार म्हणतो, कारण ती कशावरही चढते. लग्नाआधी मी सायकल चालवत होते. ती काही विसरत नाही, असं मी स्वतःला बजावलं.

सायकलवाला मापाने सांगाडा बनवायचा. "दोघांच्या पायाची आतली लांबी आणि हाताची लांबी लिहून द्या. वरचं माप पुढच्या सीटचं, खालचं मागच्या." मी मापाच्या वहीतलं पान फाडून लिहून दिलं आणि ब्लाउजच्या गिऱ्हाइकाकडे पळाले.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तो सायकल हाताने ढकलत अंगणात घेऊन आला. पोपटी रंग, नवी कोरी, उन्हात नुसती तरंगल्यासारखी. खार तिच्याभोवती गोल गोल धावू लागली. आवाज ऐकून हे बाहेर आले. पुढे कोण बसणार, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं होतं.

त्यांनी पुढच्या हँडलवर हात ठेवला. टांग टाकली. बसले. पाय नेमके जमिनीला टेकले, कोपर नेमके हवे तेवढे वाकले.

"माझ्या मापाची आहे," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "तू मला पुढे बसवलंस?"

मला ते फाडून दिलेलं पान आठवलं. जोडप्याचं काम आलं की वर गड्याचं माप आणि खाली बाईचं. मास्तरांनी मला शिलाई शिकवली तेव्हापासूनची सवय. सोळा वर्षं हात तेच करतो. तेच त्याने त्या पानावरही केलं होतं.

त्यांचा तो चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता. हो म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. निदान आजच्या दिवसापुरतं. पण फाटकाबाहेर पहिल्याच वळणावर उजवीकडून कोणी आलं तर? आणि मागे पोर.

"अहो, चुकलं माझं," मी म्हणाले. "माप वरखाली झालं. पुढे मी बसणार होते."

ते उतरले. सायकल नीट स्टँडवर लावली. "बरोबर आहे," म्हणाले आणि आत गेले. खिडकीशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी सायकलवाल्यावर खेकसले. "विचारायचं नाही का एकदा? मी ही एवढीशी, पुढे कशी बसणार?"

"ताई, अक्षर तुमचं आहे," तो म्हणाला. "आणि कापलेलं कापड तुम्ही तरी परत अखंड करता का?"

हातातली कामं उरकून नवा सांगाडा करायला त्याला दोन महिने लागणार होते. दोन महिने मला फार लांब वाटले. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. आजवर असं कधी झालं नव्हतं. बाही उसवताना स्वतःला शिव्या दिल्या. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही मनात येऊन गेलं आणि त्याचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकठक आवाजाने बाहेर आले तर हे सायकलीपाशी बसलेले. गळ्यात माझा टेप, हातात पाना. पुढच्या पेडलवर लाकडी ठोकळे बसवत होते. बोल्ट दिसावा म्हणून मान पक्ष्यासारखी तिरकी केली होती.

"ये इकडे. बस. पाय ठेव."

मी बसले. त्यांनी माझी टाच आणि ठोकळा यांच्यामधली फट मोजली. "अजून अर्धा इंच लागेल. सीट पार खाली घेतलीय."

"आणि तुमची?"

"वर घेतलीय. तरी गुडघे कानाला लागतील. लागू दे."

मला हुंदका आवरेना.

"रडू नकोस," ते खालूनच म्हणाले. "पुढे बसणाऱ्याला नीट दिसायला हवं."

रविवारी पहाटे आम्ही निघालो. पहिली वीस पावलं सायकल दारू प्यायल्यासारखी चालली. मागून हुकूम सुरू झाले.

"डावीकडे घे! ब्रेक! आरसा बघ!"

"सायकलीला आरसा नसतो!"

"मग मान वळव!"

वळण आलं की ते मागचं हँडल सगळ्या ताकदीने पिळायचे. सांगाड्यातून मला कळायचं. "अहो, ते फिरत नाही. ते नुसतं धरायला आहे."

"माहितीये," म्हणायचे आणि पुढच्या वळणावर परत पिळायचे. खार मागे खिदळत होती.

मग तळ्याकाठचा सरळ रस्ता लागला. पाण्यावरचं धुकं रस्त्यावर उतरलं होतं. एकेक झाड त्यातून पुढे यायचं, आमच्याकडे बघायचं आणि निघून जायचं. चाकांचा आवाजही येईनासा झाला. पेडल आपले आपणच फिरत होते. त्यातला जोर माझा किती, त्यांचा किती, मला सांगता आलं नसतं. रस्ता असाच संपू नये, आणि आम्ही तिघं असेच कुठेही न पोचता जात राहावं, असं वाटलं.

एवढ्यात बाजूच्या गल्लीतून हातगाडी आली. मी घंटा वाजवली, वेग कमी केला, वळसा घातला. मागून एक शब्द नाही. हँडलही पिळलं नाही. मग लक्षात आलं, बराच वेळ हुकूमच आलेला नाही. मला भीती वाटली. परत खिडकीत जाऊन बसले की काय हे, माझ्या पाठीमागेच? मान वळवायची हिंमत नव्हती.

"खारे, बाबा काय करतायत गं?"

सायकल डगमगली, म्हणजे ती वाकून बघत होती.

"आई! बाबांनी डोळे मिटलेत!"

"अहो, झोपलात का काय?" मी किंचाळलेच.

"पाय चालतायत ना माझे?" आवाज अगदी माझ्या मानेजवळून आला. आरामात, पसरट. "एकवीस वर्षांत चालत्या गाडीत एकदाही डोळे मिटले नव्हते. कसं वाटतं बघतोय."

मी घंटेवरचा अंगठा काढला.

"थोडा वेळ राहू दे असंच," ते म्हणाले. "तू बघतेयस ना रस्ता?"

"बघतेय," मी म्हणाले, आणि पेडल मारत राहिले.