‘लावलं’

बापाच्या दुसऱ्या लग्नाला पोरीची हरकत नव्हती. अट मात्र एकच होती, आणि ती तिनं होणाऱ्या आईला, त्या शिंपिणीला, तोंडावर सांगितली, “तुमच्या पोपटानं माझ्या वाटाण्याला काही करायचं नाही. आधी कबूल करा, मग या.”

शिंपिणीनं कबूल केलं. अकरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार? वाटाणा म्हणजे पोरीचा लव्हबर्ड. मुठीत मावेल एवढा हिरवा जीव, पण तोरा बघाल तर घर त्याच्या नावावर असल्यासारखा. आणि शिंपिणीबरोबर आला तो करडा आफ्रिकन पोपट, कारकून. त्याची चोच अशी की अक्रोड फोडताना माणसानं दोन पावलं मागं सरावं. शिंपीण एकटी राहत होती तेव्हापासून चौदा वर्षं तिच्या जिवाला सोबत होती ती त्याचीच.

दोघांना एकत्र मोकळं सोडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. एक बाहेर असला की दुसरा पिंजऱ्यात. सकाळी कारकून बैठकीच्या खोलीत फिरायचा आणि तो आत गेला की वाटाण्याची पाळी. पिंजऱ्याची कडी लावायची, ओढून बघायची आणि मगच मोठ्यानं ओरडायचं, “लावलं!” ‘झालं’ म्हणायचं नाही. ‘झालं’ तर घरात दिवसभर चालूच असतं, आंघोळ झाली, चहा झाला, डोकं फिरून झालं. ‘लावलं’ ऐकल्याशिवाय आतल्या खोलीत वाटाण्याच्या पिंजऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही. आणि कारकून गुपचूप आत गेला म्हणून त्याला लगेच एक अक्रोड मिळायचा. सात महिने सगळं सुरळीत चाललं.

त्या रविवारी शिंपीण आतल्या खोलीत मशीनवर पडद्यांना दुमड घालत होती. पोरगी केस पुसत होती. बाहेर नवरा कारकुनाला आत घालत होता. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, सुट्टीच्या दिवशीही कुणी ना कुणी अडकलेलाच. त्याचा फोन वाजला. मग त्याचा आवाज आला, “लावलं!”

“मावशी, तुम्हीच सोडा ना त्याला,” पोरगी म्हणाली. शिंपिणीनं दार उघडलं. वाटाणा सुसाट बाहेर गेला.

मग जी किंकाळी आली ती पक्ष्याची होती की पोरीची, हे शिंपिणीला आजही सांगता येणार नाही. कारकून पिंजऱ्याच्या टपावर मोकळा बसलेला, वाटाणा थेट त्याच्या पायांशी उतरलेला. आणि नवरा गॅलरीत, फोन कानाला.

वाटाण्याचा जीव वाचला. डाव्या पायाचं एक बोट गेलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता चांगलं फैलावर घेतलं, “इवल्याशा पक्ष्याला एवढ्या चोचीसमोर सोडता? डोळे कुठे होते तुमचे?”

घरी आल्यावर जुंपली.

“तुम्ही ‘लावलं’ म्हणालात! माझ्या या कानांनी ऐकलं!”

“अगं, मी ब्रसुद्धा काढला नाही! फोनवर बोलत होतो. त्या पोपटालाच देऊन टाकू कुणाला तरी, कटकट जाईल.”

पोरगी पिंजऱ्याला मिठी मारून बसली होती. ती एवढंच म्हणाली, “मावशीनं मुद्दाम सोडलं.”

शिंपिणीनं सात महिने कमावलेलं एका वाक्यात मातीत गेलं. मी तसली बाई नाही, हे कुणाला आणि कसं पटवणार?

संध्याकाळी नवरा दोघींसमोर उभा राहिला. “मीच म्हणालो असणार,” तो खाली बघत म्हणाला. “फोनच्या नादात. माझीच चूक.”

शिंपिणीला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. पोरगी बापाशी बोलायची थांबली. चार दिवस ती त्याच्याकडे पाठ करून जेवली, आणि तो मुकाट्यानं तिच्या पाठीकडे बघत जेवला.

गुरुवारी दुपारी मशीन चालू असताना बाहेरून आवाज आला, “लावलं!”

“लवकर आलात?” म्हणत शिंपीण बाहेर आली. घरात कुणी नव्हतं. कारकून मान तिरकी करून अक्रोडाची वाट बघत होता. हुबेहूब नवऱ्याचा आवाज! मेल्याच्या हिशोबी ‘लावलं’ म्हणजे अक्रोड.

हे सांगावं तर कारकून घरातून जाणार. न सांगावं तर कुणाचं काय बिघडत होतं? नवऱ्यानं चूक कबूल केलीच होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चार दिवस पोरीची ती पाठ तिनंही बघितली होती.

पोरगी शाळेतून आली तशी शिंपिणीनं तिला उभी केली आणि पिंजऱ्यासमोर अक्रोड धरला.

“लावलं!” कारकून ओरडला.

पोरीला हसू फुटलं. मग ते विरलं.

“म्हणजे बाबा बोललेच नव्हते?”

“नाही गं. हाच मेला.”

“मग ते हो का म्हणाले?”

“भांडण वाढू नये म्हणून. तू माझ्यावर संशय घेतलास, ते त्यांना बघवलं नाही.”

पोरीनं दप्तर खाली ठेवलं. “आई शेवटी दवाखान्यात होती ना,” ती म्हणाली, “तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते बाबा मला जसंच्या तसं सांगायचे. सगळे म्हणायचे, लेकराला कशाला सांगतोस. तरी सांगायचे. माझ्याशी ते कधीच खोटं बोलले नाहीत. तुमच्यासाठी बोलले.”

शिंपिणीनं अक्रोड डब्यात परत टाकला. आरोप खोडून काढता येतो. हा आरोपच नव्हता.

“कारकुनाला कुठे देऊ नका,” पोरगी दप्तर उचलत म्हणाली. “त्याला काय कळतंय. पण मला हे कळलंय ते बाबांना सांगायचं नाही. मला बघायचंय, ते स्वतःहून सांगतात का. नाही ना सांगणार, मावशी?”

सात महिन्यांत पोरीनं विश्वासानं सांगितलेली ही पहिली गोष्ट. शिंपीण “नाही” म्हणाली.

सहा वाजता नवरा आला. वाटाण्याचं मलम आणलं होतं. “कसा आहे आज?” त्यानं दारातूनच भीत भीत विचारलं.

पोरीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं शिंपिणीकडे बघितलं.